या विंग्जना कुणीतरी नावं ठेवा

त्या संध्याकाळी मला स्वयंपाक बिघडवायचा होता, आणि तेवढंसुद्धा मला लोकांनी धड करू दिलं नाही. एरवी चांगलं काही करायला घ्यावं तर कुत्रं विचारत नाही. बिघडवायला घेतलं तर अख्खी इमारत बाह्या सरसावून हजर. हा माझा अनुभव आहे आणि तो मी कुणाच्याही तोंडावर सांगायला तयार आहे.

कारण आधी सांगते, नाहीतर तुम्ही मला सासऱ्यांच्या जिवावर उठलेली सून समजाल. माझे सासरे काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. समोरच्या पट्ट्यावरून बाटल्या सरकत यायच्या, मागे पांढरा दिवा असायचा, आणि सासऱ्यांचं काम एकच, खोट शोधायची. बुडबुडा, चीर, वाकडं तोंड, जाड बूड. दिसली खोट की बाटली उचलून बाजूला. आता ज्या माणसाला जन्मभर खोट काढायचाच पगार मिळाला तो घरी येऊन काय करणार? भाजीत पाणी जास्त. भात गोळा झालाय. सूप कसलं आहे ते वासावरून कळत नाही. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात माझं ऑम्लेट त्यांनी बशीसकट उचलून खिडकीच्या उजेडात धरलं होतं आणि "कडेला जाड, मधे पातळ" असा निकाल दिला होता. मी डोळे पुसत आत गेले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, मनावर घेऊ नकोस, मला बघायला आले तेव्हा मलाही असंच धरून बघतील की काय अशी भीती वाटली होती.

एवढ्या वर्षांत मी त्यांच्याशी किती वेळा भांडले असेन त्याला गणती नाही. पण खरं सांगायचं तर माझ्या हाताला जी काही चव आहे ती या भांडणांतून आलेली आहे. उद्या हे काय म्हणतील, या धाकानं मी भाजी दोनदा चाखायची. आणि दहा-पंधरा दिवसांतून कधीतरी ते ताट पूर्ण रिकामं करून काहीच न बोलता उठायचे. त्यांच्याकडून न बोलणं म्हणजे पास. त्या दिवशी मी कामावर सुद्धा जरा ताठ चालायची.

मग सासूबाई गेल्या. सकाळच्या वेळी, स्वयंपाकघरात, अचानक. आम्ही दोघं कामावर निघून गेलो होतो, घरी फक्त सासरे होते. त्यानंतर ते फारसे रडले नाहीत, की कुणाशी बोलले नाहीत. एकच झालं. ते सगळ्याला "छान आहे" म्हणायला लागले.

भाजी? छान आहे. सूप? छान आहे. दोन घास खायचे, छान आहे म्हणायचे आणि ताट हळूच पुढे सरकवून उठायचे. पहिले काही दिवस मला वाटलं, दुःखात माणूस मवाळ होतो. नंतर मी वैतागले. मग घाबरले. मी डोळ्यांच्या एका दवाखान्यात नावं लिहून घ्यायला बसते. तिथे माझ्याशी भांडणाऱ्या लोकांची मला कधीच काळजी वाटत नाही. किती वेळ बसायचं, डॉक्टर झोपलेत का, माझ्यानंतर आलेला आत कसा गेला, असं जो विचारतो त्याला बरं व्हायचं असतं. मला काळजी वाटते ती कोपऱ्यात गप्प बसणाऱ्यांची. नंबर चुकून मागे गेला तरी ते काही म्हणत नाहीत. माझ्या घरातला भांडणारा माणूस उठून त्या कोपऱ्यात जाऊन बसला होता.

त्यांची पँट कमरेला चुण्या पडून गोळा होऊ लागली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सगळं ठीक आहे म्हणाले. फक्त त्यांना खावंसं वाटलं पाहिजे, असंही म्हणाले. त्यावर काही गोळी आहे का, असं मी विचारलं. डॉक्टरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि परत घातला.

तेव्हा मी माझे उपचार सुरू केले. एक दिवस भाजीत मीठ घातलंच नाही. छान आहे. एक दिवस भात तळाला लावला आणि तळाचाच वाढला. छान आहे. एकदा माझ्या नवऱ्याला सूप करायला लावलं. ते सूप आमच्या मोरीनं सुद्धा कुरकुर करत घेतलं, पण सासऱ्यांनी दोन चमचे घेतले आणि तेच दोन शब्द. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, तुझ्या सूपला छान म्हणणारा माणूस गंभीर आजारी आहे. नवऱ्याला ते लागलं. पण मला चेष्टा सुचलेली नव्हती.

तर अशा परिस्थितीत एअर फ्रायर आणि बर्फातल्या विंग्ज आमच्या घरात आल्या. एअर फ्रायर नवऱ्याला ऑफिसच्या सोडतीत लागला होता. तो ओट्यावर एखाद्या मोठ्या काळ्या अंड्यासारखा बसलेला असायचा आणि मी त्याच्यावर हात पुसायचं फडकं वाळत घालायची. नवऱ्याला याचं फार दुःख होतं. पण मला एक दिवस डोक्यात आलं की सासऱ्यांना जगात सगळ्यात जास्त राग कशाचा असेल तर तो बर्फातल्या कोंबडीचा. पूर्वी ते दुकानात जाऊन कोंबडी बोटानं दाबून बघायचे आणि खाटकाला घाम फोडायचे. एका नातेवाइकाकडे जेवताना यजमानीण सहज बोलून गेली की आजकाल आम्ही गोठवलेलंच आणतो, तर हे हातातला घास खाली ठेवून उठले होते. सासूबाईंना त्या घरी परत तोंड दाखवायला वर्ष लागलं.

म्हणजे बेत ठरला. बर्फातली कोंबडी, त्यातही नुसते पंख, ते तेलाशिवाय, गरम वाऱ्यावर, आणि तेसुद्धा मुद्दाम वाईट. याला जर त्यांनी छान म्हटलं असतं तर मग मी हात टेकले असते.

मी नवऱ्याला फक्त एवढंच सांगितलं की आज एअर फ्रायरमध्ये विंग्ज करू या. त्याचा चेहरा असा उजळला की मला खरा बेत सांगायचा धीर झाला नाही. तो उड्या मारत जाऊन भलंमोठं पाकीट घेऊन आला. येताना वाटेतच त्यानं फोनवर कुणाकुणाचे व्हिडिओ बघून ठेवले होते. पाकिटावर लिहिलं होतं, यंत्र आधी गरम करा, तुकडे एकमेकांना न चिकटता एका थरात पसरा, मधे एकदा उलटा. मी ते नीट वाचलं. जे जे करा म्हटलं होतं ते ते करायचं नाही, इतका सोपा स्वयंपाक मी जन्मात केला नव्हता.

पण आधी परवानगीचा घोळ. आमच्या इमारतीचे सेक्रेटरी खालच्या मजल्यावर राहतात. त्यांना सगळे परिपत्रक म्हणतात, कारण जिन्यात भेटून जे सांगता येईल तेसुद्धा ते भिंतीवर लावतात. एअर फ्रायर आणला त्याच दिवशी नवऱ्यानं त्यात पाव भाजायला घातले होते. त्याच वेळी आमचं कपड्यांचं यंत्र चालू होतं आणि सगळ्या इमारतीचे दिवे गेले होते. दुसऱ्या दिवशी जिन्यात परिपत्रक लागलं की उष्णता निर्माण करणारं कोणतंही नवीन उपकरण समितीच्या परवानगीशिवाय वापरू नये. समितीत पूर्वी पाच जण होते. चार जण घरं विकून गेले. आता समिती म्हणजे परिपत्रक एकटेच, पण ते परवानगी देताना "समितीशी बोलून सांगतो" असंच म्हणतात आणि आत जाऊन पाणी पिऊन येतात.

नवऱ्याला परवानगीला पाठवलं की तो निदान अर्धा तास परत येणार नाही, तेवढ्यात मी विंग्ज बिघडवून ठेवीन, असा माझा हिशेब. तो पाच मिनिटांत परत आला. बरोबर परिपत्रक. खिशात टेस्टर. समितीनं प्रत्यक्ष पाहणी करायचं ठरवलं होतं.

परिपत्रकांनी आमचा स्विचबोर्ड पाहिला आणि असा सुस्कारा सोडला की मला आमचं आयुष्यच चुकीच्या पद्धतीनं जोडलेलं आहे असं वाटू लागलं. मग त्यांनी अटी सांगितल्या. फ्रीज बंद. पाण्याचा हीटर बंद. पंखा बंद. फक्त स्वयंपाकघरातली ट्यूब चालेल. शिवाय आमच्या वरच्या बाईंचं कनेक्शन आमच्याच वायरवरून गेलंय, त्यांचीही संमती हवी. मी म्हटलं, राहू द्या मग, गॅसवर करते. तर नवरा माझ्याकडे असा बघू लागला की जणू मी त्याच्या वाढदिवसाचा केक रद्द केलाय. परिपत्रक वर जाऊन बाईंना घेऊन आले.

या बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. शाळा सुटून खूप वर्षं झाली, पण बाईंची शाळा सुटलेली नाही. आत येता येता त्या बाहेरच्या खोलीत सासऱ्यांजवळ थांबल्या. ते खिडकीजवळच्या खुर्चीत मांडीवर वर्तमानपत्र घेऊन बसले होते. कसे आहात, असं बाईंनी विचारलं. छान आहे, सासरे म्हणाले. वर्तमानपत्राचं पान मी सकाळी त्यांच्या हातात दिलं तेच होतं. बाई आत आल्या त्या जरा गंभीर होऊन.

त्यांनी संमती दिली, आणि लगेच परत जायचं सोडून ओट्याशी उभ्या राहिल्या. मी तेव्हा पाकिटातला बर्फाचं अर्धं ढेकूळ तसंच्या तसं टोपलीत कोंबत होते. बाईंनी माझं मनगट धरलं. मला शाळेतल्या नापास मुलीसारखं बाजूला करून त्यांनी ते ढेकूळ बाहेर काढलं, ओट्यावर आपटलं, एकेक तुकडा सुटा केला आणि प्रत्येक तुकडा फडक्यानं टिपून घेतला. सगळं करताना समजावत होत्या. बर्फ म्हणजे पाणी. पाण्याची वाफ होते. वाफेत कातडी शिजते, कुरकुरीत होत नाही. आणि टोपलीत गर्दी केली तर वारा आतल्यांपर्यंत पोचत नाही. वर्गातही तसंच असतं, शेवटच्या बाकावर काही पोचत नाही, असं म्हणून त्या स्वतःच हसल्या. म्हणून विंग्ज दोन खेपांत करायच्या असं ठरलं. कुणी ठरवलं? बाईंनी. कुणाच्या घरात? माझ्या.

मी तरी प्रयत्न सोडला नाही. तुकड्यांना लावायच्या मसाल्यात मीठ विसरले. बाईंनी बोट लावून चाखलं आणि मीठ घातलं. मी तापमान खाली सरकवलं. नवऱ्यानं फोन पुढे करून ते वर सरकवलं. परिपत्रकांनी दोन्ही वेळा बटणाकडे बघून, हे विजेच्या दृष्टीनं एकच आहे असा अभिप्राय दिला. ते स्विचबोर्डाखाली स्टूल टाकून बसले होते, फ्रीज बंद, पंखा बंद, चौघं जण त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात घामाघूम. मी ठरवलं होतं की निदान मधे उलटायचं नाही. एक बाजू करपेल, एक बाजू पांढरी राहील, तेवढं पुरे आहे.

आणि इथे एक गोष्ट झाली, ती मी कुणाला सांगितली नाही. आतून वास यायला लागला. एक बाजू लाल होत आल्याचा वास मला झोपेतही कळतो. मी मन घट्ट करून उभी राहिले. पण माझा हात आपोआप पुढे गेला, टोपली ओढली आणि सगळे तुकडे उलटले. बाई म्हणाल्या, शाबास. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिघडवणं वाटतं तितकं सोपं नसतं. इतकी वर्षं ज्या हातांना नीट करायची सवय लावली ते ऐनवेळी आपलं ऐकत नाहीत. आणि मला ती सवय लावणारा माणूस बाहेरच्या खोलीत बसून सगळ्याला छान म्हणत होता.

पहिली खेप बाहेर आली. सोनेरी. वरची कातडी अशी की चमचा लावला की टक असा आवाज. नवरा आनंदानं वेडा झाला. परिपत्रक स्टुलावरून उठले आणि समितीच्या वतीनं एक तुकडा मागितला. मी सगळ्यांच्या पाठीमागे उभी होते, आणि मला अभिमान आणि रडू एकदमच आलं. अशा विंग्जना छान म्हणण्यात सासऱ्यांची काय चूक असणार होती?

दुसरी खेप लावली आणि थोड्याच वेळात सगळं बंद पडलं. यंत्र, ट्यूब, बाईंच्या घरातला टीव्ही, सगळं. परिपत्रकांनी टेस्टर उपसला आणि आमच्यापैकी कुणी चोरून पंखा लावलाय का, याची चौकशी सुरू केली. आम्ही हात वर केले. ते तावातावानं खाली गेले. तिथून त्यांच्या घरातलं बोलणं जिन्यातून वर ऐकू येत होतं. त्यांच्या पत्नीनं अंघोळीसाठी पाण्याचा हीटर लावला होता. समितीनं तिला काही कळवलेलं नव्हतं. परिपत्रक फ्यूज बसवून परत आले तेव्हा त्यांचा आवाज बराच खाली आलेला होता.

वीज आली, पण यंत्राला आधीचं काही आठवत नव्हतं. मग वाद. नवऱ्याचं म्हणणं, वेळ पहिल्यापासून धरायची. बाईंचं म्हणणं, आतली उष्णता होती तशीच होती, म्हणून उरलेलीच वेळ लावायची. परिपत्रक मधला मार्ग काढायला बसले. बाईंनी फडताळावर बोटानं आकडेमोड सुरू केली. या चर्चेत कुणाच्याच लक्षात आलं नाही की नवऱ्यानं आधीच बटण दाबलंय, आणि तेही पूर्ण वेळेचं, सगळ्यात वरच्या आचेवर. धूर दिसला तेव्हा टोपली ओढली. दुसरी खेप काळीकुट्ट झाली होती. नवऱ्यानं डोक्याला हात लावला. बाई म्हणाल्या, टाकून द्या. मी मनातल्या मनात टाळी वाजवली. टाकून देताय काय, म्हटलं, बसा सगळे जेवायला.

आमच्या टेबलाला पाच खुर्च्या कशाबशा लागतात. सासऱ्यांना हाताला धरून आणलं. चौघांच्या ताटलीत मी पहिल्या खेपेतले सोनेरी तुकडे ठेवले. सासऱ्यांच्या ताटलीत काळ्यातले निवडून सगळ्यात काळे ठेवले. नवऱ्यानं ते पाहिलं. त्यानं तोंड उघडायच्या आत मी टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. त्याला काही कळलं नाही, पण तो गप्प बसला. मग सासऱ्यांना मी मुद्दाम मोठ्यानं सांगितलं की हे गोठवलेल्या पाकिटातलं आहे, महिनोन्‌महिने बर्फात होतं.

सासऱ्यांनी एक तुकडा उचलला. कोळशातून पाणी काढायचं असल्यासारखं त्यांना तो चावायला श्रम पडले. परिपत्रक स्वतःची विंग खाता खाता थांबले. बाई चष्म्यातून बघत होत्या. सासऱ्यांनी तो घास कसाबसा गिळला, पाण्याचा घोट घेतला, आणि माझ्याकडे बघून मान डोलावली.

"छान आहे," ते म्हणाले.

आणि ताटली पुढे सरकवली.

माझा तोल गेला. त्याआधी मी ठरवलं होतं की शांतपणे विचारायचं, पण ठरवलेलं माझ्याकडून त्या दिवशी काहीच होत नव्हतं.

"हे छान नाहीये बाबा," मी म्हटलं. "हे जळलंय. मी मुद्दाम तुम्हाला जळलेलं वाढलं. गेले कित्येक दिवस मी तुम्हाला वाईटच खायला घालतेय आणि तुम्ही छान म्हणताय. मला तुमचं छान नको. मला भीती वाटते त्याची."

परक्या माणसांसमोर असं बोलायला नको होतं हे मला बोलतानाच कळत होतं. सासऱ्यांनी पुढे सरकवलेली ताटली परत जवळ ओढली. मग ते बोलले ते माझ्याशी नव्हतं, ताटलीशीच होतं.

"त्या दिवशी सकाळी चहा पांचट झाला होता," ते म्हणाले. "मी कप तसाच सरकवला. ती खुर्चीवर बसली होती. पाय दुखत होते तिचे. म्हणाली, थांबा, दुसरा टाकते. आणि उठली."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. आम्हाला ते माहीत होतं, फक्त त्याच्या आधीचं माहीत नव्हतं. एवढे महिने हा माणूस ते एकटाच घेऊन बसला होता. सगळ्या जगाला पास करत सुटला होता, का, तर पुन्हा कुणी त्याच्यासाठी उठू नये.

नवऱ्यानं त्यांच्या हातावर हात ठेवला आणि डॉक्टर जे म्हणाले होते ते सांगितलं, की आईला ते कधीही झालं असतं, बसल्या जागी सुद्धा, झोपेत सुद्धा. ते अगदी खरं होतं. सासरे म्हणाले, असेल. त्या "असेल"मध्ये मला दिसलं की खरं असून याचा काही उपयोग नाही. ज्या माणसानं आयुष्यभर चूक कुठे आहे ते दाखवलं त्याला चूक नव्हतीच असं सांगून भागत नाही. मला सासूबाईंची इतकी आठवण आली की मला त्यांचा रागच आला. त्यांनी काय केलं असतं कोण जाणे. मला जे सुचलं ते मी केलं. मी माझी खुर्ची टेबलाच्या आत ओढून घेतली आणि दोन्ही हातांनी तिच्या कडा धरल्या.

"बाबा, मी बसलेय," मी म्हटलं. "तुम्ही काहीही म्हणालात तरी मी उठणार नाही. दुसरं काही करून आणणार नाही. आता सांगा कसं झालंय."

त्यांनी पहिल्यांदा माझ्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग तो काळा तुकडा दोन बोटांत उचलला, ट्यूबच्या उजेडात धरला आणि सावकाश फिरवला.

"जळलंय," ते म्हणाले. आणि थांबून माझ्याकडे बघू लागले. मी उठले नाही. "या बाजूनं कोळसा. या बाजूनं कातडी चिवट. आत लाकूड. मीठ वरच्यावर बसलंय. आणि बर्फाचा वास येतोय."

प्रत्येक वाक्यानंतर ते बघत होते मी उठते का. माझी बोटं खुर्चीला दुखेपर्यंत रुतली होती. मला वाटलं संपलं, तर त्यांनी हात लांब करून नवऱ्याच्या ताटलीतला सोनेरी तुकडा उचलला. तो तोडून आत पाहिला, हाडापाशी चावला. कातडी बरी आहे, म्हणाले, पण मसाला आत गेलेला नाही, आणि हे कुणी इतकं पुसून काढलंय, रसच नाही राहिला. बाईंचा चेहरा पडला. त्या काहीतरी बोलणार होत्या, ओलाव्याविषयीच असणार, पण त्यांनी ते गिळलं. परिपत्रकांनी आपली ताटली हळूच स्वतःच्या अंगाकडे ओढून घेतली. आणि मी? मला आनंद व्हायला हवा होता. मला प्रचंड राग आला. जळलेल्याला नावं ठेवली ते ठीक, पण ती पहिली खेप मी माझ्या हातानं वेळेवर उलटली होती, तिच्यात काय खोट होती? मी तोंड उघडून भांडणार, तेवढ्यात मला कळलं की मी भांडायला निघालेय, आणि मला हसू आलं आणि डोळे भरून आले.

"पाकिटात उरलेत का?" सासऱ्यांनी विचारलं.

नवरा उठू लागला. मी त्याचं मनगट धरून त्याला खाली बसवलं.

"बसा सगळे," सासरे म्हणाले. "मी टाकतो."

आणि टेबलाला हात टेकून, पँट वर ओढत, ते स्वयंपाकघरात गेले. तिथे ते पाणी प्यायच्या पलीकडे कशासाठी गेल्याचं मी कधी पाहिलेलं नव्हतं. आतून कप्पे उघडल्याचे, काहीतरी पडल्याचे आवाज येऊ लागले. परिपत्रक हळूच उठले, मला वाटलं ते नियम सांगायला आत चाललेत, पण ते चपला घालून खाली गेले. नंतर कळलं की आपल्या घरातली सगळी बटणं बंद करून ते अंधारात बसले होते. बाई हाताची घडी घालून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिल्या. त्यांना आत जाऊन शिकवायचा मोह होत होता हे दिसत होतं, पण त्या गेल्या नाहीत.

"मीठ कुठे आहे?" आतून आवाज आला.

मी बसल्या जागेवरून सांगितलं, ओट्याखाली, सगळ्यात आतल्या बाजूला, बरण्यांच्या मागे.

आत थोडा वेळ खुडबुड झाली. मग सासरे म्हणाले, "ही काय मीठ ठेवायची जागा झाली?"

"आईंनी ठरवलेली जागा आहे ती," मी म्हटलं.

आत एकदम शांत झालं. नवऱ्यानं माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, झालं, आता ते बाहेर येणार आणि खिडकीजवळ जाऊन बसणार.

"तरीच," सासरे म्हणाले, आणि बरण्या बाजूला सारायला लागले.

नवरा हसायला लागला आणि हसता हसता त्याला रडू आवरेना. मी त्याला धरून बसले, पण कबूल केल्याप्रमाणे खुर्चीवरून उठले नाही.